बग्गीची शाकारणी

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं दार नीट लावायचं तर आधी खिडकीची काच बोटभर खाली करावी, असं ती चालवलेले लोक सांगतात. आतली हवा बाहेर पडायला फटच नसायची. पाण्यात सोडली तरी ती काही वेळ तरंगते, हे दाखवणाऱ्या जाहिराती कंपनीनं केल्या होत्या. तर अशी ही घट्ट झाकणाची गाडी घ्यायची. तिचं छत, दारं, खिडक्या, सगळा पत्रा उतरवून भंगारात द्यायचा. खालची चेसिस मधोमध कापून दीडेक वीत आखूड करायची. वर फायबरचं उघडं कवच बोल्टांनी आवळायचं. आणि मग पुढची सगळी वर्षं आत पाणी कुठून येतंय याचा शोध घेत बसायचं. या उद्योगाला बीच बग्गी बांधणं म्हणतात, आणि तो करणारे एक गृहस्थ मँचेस्टरजवळ आमच्या शेजारच्या घरात राहतात.

आमच्या घरात त्यांना बग्गीवाले म्हणतात. ते हयातभर विमा कंपनीत होते. लोकांच्या घरात पाणी शिरलं तर भरपाई किती द्यायची, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाणी शिरायची स्वतःचीच सोय केली. गाडी त्यांनी अर्धवट बांधलेल्या अवस्थेत कुणाच्या तरी गॅरेजमधून उचलली. किट कारच्या जगात ही रीतच आहे. पहिला मालक हौसेनं कवच आणतो, दुसरा इंजिन बसवतो, तिसरा वायरिंग उपसून ठेवतो, चौथ्याची बायको 'आता पुरे' म्हणते आणि पाचवा मिळतो. आमचे बग्गीवाले नक्की कितवे, हे कागदपत्रांवरून कळत नाही. वहिनींच्या चेहऱ्यावरून मात्र ते शेवटचे असावेत असं वाटतं.

मी चिपळूणकडचा आहे हे कळल्यापासून त्यांनी मला जलतज्ज्ञ नेमून टाकलंय. "तुमच्याकडे मॉन्सूनमध्ये काय करतात?" हा प्रश्न ते हातात सिलिकॉनची नळी घेऊन विचारतात. मुंबईत एकट्या जुलैत साधारण जेवढा पाऊस पडतो, तेवढा मँचेस्टरला अख्ख्या वर्षात मिळून पडतो. पण आकड्यांत हरलेलं हे शहर चिकाटीत कुणाला ऐकत नाही. आपला पाऊस वाजतगाजत येतो, झोडपतो, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणतो आणि दसऱ्याच्या सुमाराला काढता पाय घेतो. इथला पाऊस वर्षभर पुरवून पुरवून पडतो. आडवा येतो, पुढच्या ट्रकच्या चाकांखालून वर येतो, आणि पडत नसतो तेव्हा हवेत नुसता लोंबकळत राहतो.

मी त्यांना कोकणातल्या शाकारणीबद्दल सांगितलं. मिरगाच्या आधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, पडवीच्या अंगाला झापं बांधायची. त्यांना ही पद्धत फार पसंत पडली. आता दर वसंतात बग्गीची शाकारणी निघते. शाकारणीला मुळात छप्पर असावं लागतं, ही अट त्यांना गौण वाटते.

दोष त्यांचा नाही. ही गाडी जन्मली वेगळ्या मुलखात. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला ब्रूस मायर्स नावाचा होड्या बांधणारा, लाटांवर खेळणारा माणूस होता. होड्यांमुळे फायबरवर त्याचा हात बसलेला. 1964 साली त्यानं बीटलचं इंजिन आणि चाकं घेऊन वाळूत पळणारी एक लाल गाडी बनवली आणि तिला नाव दिलं मायर्स मँक्स. तीन वर्षांनी तो आणि त्याचा मित्र टेड मँगल्स तीच गाडी घेऊन मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पावर गेले. ला पाझपासून तिहुआनापर्यंतचं दगडधोंड्यांचं अंतर त्यांनी 34 तास 45 मिनिटांत कापलं आणि मोटारसायकलवाल्यांचा विक्रम पाच तासांनी मोडला. पुढच्या वर्षी 'द थॉमस क्राउन अफेअर' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीननं समुद्रकाठच्या वाळूत मँक्स उडवून दाखवली, आणि जगभरच्या तरुणांना आपल्याकडे समुद्रकिनारा आहे की नाही याचा विसर पडला. मायर्सला पैसे फारसे मिळाले नाहीत. फायबरचा साचा कुणीही काढू शकतो. नकला करणारे इतके झाले की तो कोर्टात गेला, आणि तिथे त्याचं पेटंटच गेलं. 2021 साली 94 व्या वर्षी तो वारला, तोवर त्याच्या गाडीच्या नकला लाखांत मोजल्या जात होत्या.

आता न्यूपोर्ट बीचला वर्षाचा पाऊस 300 मिलिमीटरच्या आसपास. तिथे छत नसणं हे सुख आहे. मँचेस्टरला तो एक राहून गेलेला भाग आहे.

हे वेड इंग्लंडात उतरलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, आणि जमीन आधीच नांगरलेली होती. तयार गाडीवर तेव्हा इथे खरेदी कर लागायचा. घरी जोडायच्या सुट्या भागांवर लागत नसे. 1957 मध्ये आलेली लोटस सेव्हन त्यामुळेच पेट्यांमधून विकली जायची. सरकारही काही दूधखुळं नव्हतं. सुटे भाग द्या, पण जोडणीच्या सूचना सोबत द्याल तर ती गाडी झाली, भरा कर, असा दंडक होता. त्यावर लोटसनं काढलेला तोडगा इथले लोक अजून मिटक्या मारत सांगतात. गाडी कशी खोलावी याची पुस्तिका द्यायची. खोलण्याबद्दल नियमात चकार शब्द नव्हता. गिऱ्हाइकानं ती शेवटच्या पानापासून वाचत यायचं. 1973 साली खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. कर वाचवायचं कारण संपलं, तरी लोक गॅरेजमध्ये गाड्या जोडतच राहिले. तेव्हा कर वाचवणं हे बायकोला सांगायचं कारण असावं, असा मला दाट संशय आहे.

पळवाट गेली आणि तिच्या जागी परीक्षा आली. गाडीची जुनी ओळख टिकवायची तर 2025 पर्यंत आठ गुण लागायचे. मूळ चेसिस जशीच्या तशी असेल तर एका दमात पाच मिळायचे. बग्गीवाल्यांनी तीच कापलेली असायची, म्हणजे गणिताच्या पेपरला बसण्याआधीच गुण गेले. मग गाडीला आयव्हीए नावाच्या वैयक्तिक तपासणीला उभं राहावं लागायचं आणि वय न सांगता येणाऱ्या गाड्यांची 'क्यू' अक्षराची पाटी मिरवावी लागायची. या तपासणीत बाहेर आलेली प्रत्येक कड किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येनं गोल असावी लागते. कुठली कड पादचाऱ्याला लागू शकते, हे 100 मिलिमीटर व्यासाचा गोळा टेकवून ठरवतात. त्यासाठी बग्गीवाल्यांनी सगळ्या नटबोल्टांना प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या आणि सगळ्या कडांना रबरी बीडिंग लावलं. तपासणीच्या दिवशी गाडी मुंजीतल्या बटूसारखी सजली होती.

पावसाबद्दल या नियमांची भूमिका मला फार भावली. पुढची काच असेल तर ती पुसायला वायपर हवेत, धुवायला पाणी हवं, तिच्यावरचं धुकं काढायची सोय हवी. छत मात्र हवं असं कुठेच म्हटलेलं नाही. नागरिकाचा भिजायचा हक्क अबाधित आहे. भिजताना समोरचं दिसलं पाहिजे, इतकंच.

आपल्याकडे एवढा घोळच नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मालकाला गाडीत असा बदल करू देत नाही की ती कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं. तरी हाताला खाज असलेली माणसं काय कायदा विचारून बसतात? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जमवून किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि ही गाडी नियमात बसत नसल्यानं कधी ना कधी अडवली जाणार, तेव्हा ती आम्हाला द्या आणि नवी बोलेरो घ्या, असा निरोप धाडला. पुढच्या महिन्यात बोलेरो लोहारांच्या दारात उभी राहिली. इतकं सरळ अपग्रेड माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मी ही गोष्ट रंगवून बग्गीवाल्यांना सांगितली. ते हळहळले. "बिचारा," म्हणाले. "हातची गाडी गेली त्याची."

अपग्रेड या शब्दाशी त्यांचं नातंच निराळं आहे. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. पॉइंटचं इग्निशन जाऊन इलेक्ट्रॉनिक आलं. पुढचे ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आले. हे सगळं ठीकच. गाडी चालू होते आणि थांबते, यापरती अपेक्षा वाहनाकडून काय करायची? इंजिन मागे उघड्यावर असल्यानं पावसात डिस्ट्रिब्युटर भिजून गाडी बंद पडायची. त्यावर त्यांनी एक झाकण बसवलं आणि तो विषय मिटला. खरी रामायणं पाण्याला आणि विजेला एकत्र आणल्यावर घडली.

पत्र्याच्या गाडीत दिव्याला एक वायर पुरते. परतीची वीज पत्र्यातूनच बॅटरीकडे जाते. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, वायपरला अर्थिंगची स्वतःची वायर ओढावी लागते. आणि यांतल्या एका जोडाला पाणी लागून हिरवट गंज चढला, की परतीची वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते. एकदा आम्ही दोघं मागच्या दिव्यांपाशी उकिडवे बसलो होतो. आतून वहिनींनी ब्रेक दाबला तर डावा इंडिकेटर मंद उजळला. त्यांनी इंडिकेटर लावला तर ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर डोळे मिचकावू लागला. बग्गीवाले टेस्ट लॅम्पची सुई एकेका स्क्रूला टेकवत होते, टोकाचा बल्ब कधी लागे, कधी नुसता लाजे. वहिनींनी आतून विचारलं, "पाय काढू का?" हे म्हणाले, "थांब, आत्ता कुठे कळायला लागलंय." पाऊस चालूच होता. शेवटी सगळे जोड उपसून, ग्रीस भरून, रबरी टोप्यांत कोंबून झाले. दिव्याच्या घराला गेलेली चीर मी गावाहून आणलेल्या एम-सीलनं बुजवली. दोन गोळे मळून एकजीव करण्याच्या त्या क्रियेनं बग्गीवाले इतके भारावले की आता मी भारतात निघालो की ते चहा-मसाल्याऐवजी एम-सीलची यादी देतात.

काच धुण्याच्या पाण्याची कथा तर बीटलच्या मूळ मालकांनीच सांगावी अशी आहे. त्या गाडीत काचेवर पाणी उडवायला मोटर नव्हती. स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर पाणी उडायचं. चिखलाच्या दिवसांत काच फार धुतली की स्टेपनीची हवा उतरायची. म्हणून दाब एका मर्यादेखाली आला की पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असे. आमच्या बग्गीत स्टेपनीला जागाच उरलेली नाही. बग्गीवाल्यांनी जड मनानं विजेचा छोटा पंप बसवला. पंप बसवल्याचं त्यांना वाईट वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीत टायर काचेसाठी दम टाकतो, हे दाखवायची संधी गेली याचं वाटतं.

आता छत. काळ्या रेक्झिनचं हूड, खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे, आणि हे सगळं कवचाला पकडून ठेवणारी टिचबटणं. माप घेतलं ते ऑगस्टातल्या एका उन्हाच्या दुपारी. उन्हात रेक्झिन सैलावतं, थंडीत आकसतं. त्यामुळे ऑगस्टात ही टिचबटणं नुसत्या अंगठ्यानं लागतात आणि नोव्हेंबरात दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढूनही शेवटची दोन अर्ध्या बोटावर राहतात. म्हणजे ज्या ऋतूत छप्पर नको असतं त्यातच ते नीट बसतं. यावर वहिनींनी हेअर ड्रायरचा उपाय काढला. रात्री, पावसात, एक्स्टेन्शनची वायर अंगणात ओढून गाडीच्या छपराचे केस वाळवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या हिनं पडद्याआडून ते पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तिकडे जायचं कमी करा."

छत बसलं की आत शिरायचा प्रश्न येतो. बग्गीला दारं नसतात. कडेवरून टांग टाकून उतरायचं असतं. छत नसताना ते पंचविशीतल्या माणसाला शोभून दिसतं. छत असताना साठी उलटलेल्या माणसाला आधी उजवा पाय, मग बैठक, मग मान, आणि सगळ्यांत शेवटी हातानं उचलून डावा पाय, या क्रमानं स्वतःला हप्त्याहप्त्यानं आत भरावं लागतं. भरून झालं की पडद्याची बटणं आतून लावायची. मग दोन माणसांच्या श्वासानं काचेवर आतून वाफ धरते. वाफ घालवायला पडदा जरा उघडावा, तर पाऊस आत येतो. पाऊस आत आला की अंगावरचे कपडे ओले होतात, ओल्या कपड्यांची वाफ काचेवर जाते, म्हणून पडदा आणखी उघडायचा. सुपरमार्केट येईपर्यंत पडदा गुंडाळून मागच्या सीटवर गेलेला असतो.

पाणी आत येणारच, हे कबूल केलेले जुनेजाणते बग्गीवाले जमिनीला भोकं पाडतात. येणाऱ्याला अडवू नका, जाणाऱ्याला वाट द्या, असं ते धोरण आहे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मागच्या सीटखाली बॅटरी असते, ती तळ्यात बसण्यापेक्षा हे बरं. आमच्यांनीही ड्रिल मशीन काढलं. उभ्या गाडीतलं पाणी झरझर निघून गेलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी चाळीसच्या वेगानं निघाली तशी पुढच्या चाकांनी रस्त्यावरचं पाणी त्याच भोकांतून वर पाठवलं. मग भोकांना रबरी बूच आलं. आता गाडी उभी केली की बूच काढायचं आणि निघताना लावायचं. बूच काढायचं आठवतं. लावायचं डॅशबोर्डवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलंय. चिठ्ठी ओली होऊन शाई गेली आहे.

इतकं होऊनही उरते ती थंडी. बीटलला हीटर होता. इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळे गरम पाण्याचा रेडिएटर नाही. धुराच्या नळ्यांभोवती गरम झालेली हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमधून पुढे पायांपाशी यायची. त्या पोकळ पट्ट्या बीटलच्या बॉडीचा भाग. बॉडी भंगारात गेली तेव्हा हीटरची वाटही तिच्याबरोबर गेली. नळ्यांभोवतीचे हीट एक्स्चेंजर तरी उरले असते, पण मधल्या कुठल्याशा मालकानं चमकदार सायलेन्सर बसवण्यासाठी तेही काढले. बग्गीवाल्यांनी आधी सिगारेट लायटरमध्ये खोचायचा हीटर आणला. त्यानं डाव्या पायाच्या अंगठ्याला ऊब आली आणि हेडलाइट मंद झाले. मग ब्लँकेट आलं. ब्लँकेट भिजलं.

मी एकदा धीर करून हिशेब मांडला. "छत आलं. बाजू झाकल्या. आता दारांचा विचार चाललाय. मग हीटर. म्हणजे तुम्ही सावकाशीनं बीटलच बांधताय."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हीटरचे भाग बीटलचेच लागतील, बरोबर बोललास."

आठवड्याभरात त्यांनी ते भाग शोधून काढले. अडचण एकच होती, विकणारा सुटे द्यायला तयार नव्हता. हीट एक्स्चेंजर हवेत तर गाडी घ्या, म्हणाला. सत्तरच्या दशकातली फिकट निळी बीटल. इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नावापुरता, काचा जागच्या जागी. ती आता त्यांच्या दारात बग्गीशेजारी उभी असते. बग्गी आतल्या बाजूला, ताडपत्रीखाली. कारण नवं हूड पावसानं खराब होतं असं त्यांच्या लक्षात आलंय.

निळ्या गाडीची किल्ली पहिल्याच दिवशी वहिनींनी उचलली. त्या तिच्यातून भाजी आणतात, वाचनालयात जातात, परवा भर पावसात आमच्या हिला स्टेशनवर सोडून आल्या. हिनं घरी आल्या आल्या सांगितलं, "आत एवढं ऊबदार होतं, मी कोटच काढला." त्या दिवसापासून बग्गीवाले स्पॅनर पुसून ठेवतायत. वहिनी पुढच्या महिन्यात बहिणीकडे स्कॉटलंडला जाणार होत्या, त्याच्यावर त्यांची सगळी भिस्त होती.

काल वहिनी म्हणाल्या, स्कॉटलंडला त्या गाडीनंच जाणार आहेत.